‘आपल्यासारख्या’ घरातल्या माणसावर आलेली वेळ

एका वाचक भगिनीचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात इथे देते.

या भगिनी गेली सहा वर्षं वकील न परवडणाऱ्या कच्च्या कैद्यांसाठी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेल्यांसाठी, काम करतात. घरच्यांची पत्रं वाचायची, कागद जमवायचे, तारखेला जाऊन बसायचं, असं ते काम. दीड वर्षापूर्वी त्यांच्या सख्ख्या आतेभावाला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. घर श्रीमंत, नाव मोठं. एका साक्षीदाराने ‘हाच तो’ म्हणून सांगितलं होतं. पाच आठवडे भाऊ तुरुंगात होता आणि आत्या दर भेटीच्या दिवशी दारातल्या रांगेत उभी राहायची. जामीन मिळाला, पण आरोप चौदा महिने डोक्यावर राहिला. शेवटी पार्किंगची एक पावती आणि तिथल्या कॅमेऱ्याचं चित्रण यांवरून सिद्ध झालं की घटना घडली तेव्हा तो दुसऱ्याच शहरात होता. आरोप मागे घेतले गेले.

तेव्हापासून लोकांची हळहळ ओसंडून वाहते आहे. ओळखीचे आणि अनोळखी, सगळेच भरभरून बोलतात, लिहितात. घरच्या एका समारंभात आत्या डोळे पुसत म्हणाल्या, ‘आपल्यासारख्या घरातल्या माणसावर ही वेळ यावी!’ आणि या भगिनींच्या तोंडून सगळ्यांदेखत निघून गेलं, ‘म्हणजे बाकीच्यांवर आली तर चालते का?’ भाऊ ताटावरून उठून गेला. तीन महिने झाले, तो बोलत नाही.

त्या लिहितात, ‘मला त्याच्याबद्दल वाईट वाटत नाही. वाटायला हवं हे कळतं, पण वाटत नाही. ज्यांच्यासाठी कुणीच रडत नाही त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं मी त्याला का देऊ? त्याच्यासाठी अख्खं जग आहे. एकदा संस्थेत त्याचा विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाला, “वकिलांची फौज होती त्याच्याकडे, त्याचं काय एवढं!” का कोण जाणे, मला त्याचा राग आला. भावाची एक सवय मला विसरता येत नाही. हल्ली तो कुठेही गेला तरी पावत्या जपून ठेवतो. चहाची, पेट्रोलची, कसलीही. मी दगड झालेय का?’

*

तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांवर मी अडले. दोन्ही तुम्ही जाता जाता लिहिली आहेत.

पहिलं सहकाऱ्याविषयीचं. त्याने बोललेलं आणि तुम्ही समारंभात बोललेलं, यांत फार फरक नाही. तुमचंच म्हणणं त्याने जरा उघडं करून मांडलं. तरी तुम्हाला राग आला. त्याअर्थी भावाबद्दल तुमच्या मनात काही नाही, हे खरं नाही. जे आहे त्याला तुम्ही दार उघडत नाही आहात, एवढंच. सहा वर्षं इतकी दुःखं रोज हाताळणाऱ्या माणसाने एखादं दार लावून घेतलं तर मी त्याला दगड म्हणणार नाही. पण ते दार कुणी लावलं आणि कशासाठी, हे आपण दोघी मिळून पाहू.

दुसरं वाक्य पावत्यांचं. ज्याला त्याच्याबद्दल काही वाटत नाही त्याला चहाची पावती दिसलीच नसती. इतरांना दिसली असेल असं वाटत नाही. जे लोक आज भरभरून लिहीत आहेत त्यांनाही नाही. तुम्हाला दिसली, कारण तुमची नजर त्या कामात तयार झाली आहे. ज्यांच्यासाठी तुम्ही धडपडता, ती सुटून आलेली माणसंही असंच काहीबाही जपतात हे तुम्ही पाहिलं असणार. जामिनाचा कागद खिशात घेऊन फिरतात, घड्या पडून तो फाटतो, मग चिकटपट्टी लावतात. तुमचा भाऊ आज त्याच धाकात जगतो आहे. कुणीही, कधीही विचारील, ‘त्या दिवशी तू कुठे होतास?’ आणि हातात कागद नसेल तर आपलं नुसतं खरं बोलणं पुरणार नाही, हे त्याला कळून चुकलं आहे. वडिलांच्या पैशाने वकील मिळाले. आपल्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात हा जन्मापासूनचा भरवसा गेला, तो मात्र त्या पैशाने परत येत नाही.

आता ‘राखून ठेवलेलं’ या शब्दाकडे वळते. सगळं पत्र त्या शब्दावर उभं आहे. तुम्ही हळहळीला कणगीतलं धान्य समजता. वर्षाचं मोजून ठेवलेलं, भावाला पायलीभर दिलं की दुसऱ्या कुणाच्या ताटात तेवढं कमी. वेळेच्या बाबतीत हे खरं आहे. पैशाच्या आणि वर्तमानपत्रातल्या जागेच्या बाबतीतही खरं आहे. तुमच्या संस्थेकडे एकच वकील असेल तर तो तुमच्या भावासाठी वापरू नका, आणि तसं कुणी म्हणतही नाही. पण त्याच्याजवळ बसून ‘तुला झोप लागते का?’ एवढं विचारल्याने कुठल्या कच्च्या कैद्याची तारीख पुढे जाणार आहे?

इथे मला माझं एक सांगितलं पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका प्रतिष्ठित माणसावर अफरातफरीचा आरोप झाला. मी त्याला धड ओळखतही नव्हते. तरी चार जणांत बोलून गेले, ‘आग असल्याशिवाय धूर निघत नाही.’ बोलताना बरंही वाटलं होतं, हे मी आज कबूल करते. मोठ्या घरचा माणूस घसरताना पाहून जे बरं वाटतं ते. दोन वर्षांनी निघालं की हिशेब दुसऱ्याच कुणी फिरवले होते. त्या चौघांकडे परत जाऊन ‘मी चुकले’ असं मी म्हटलं नाही. त्यांच्यातले दोघे आता नाहीत. ते अजून सलतं.

हे सांगायचं कारण असं की लोकांच्या आजच्या हळहळीकडे तुम्ही ‘श्रीमंताला सगळे रडतात’ म्हणून पाहता आहात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आज भरभरून लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी दीड वर्षापूर्वी त्याचा फोटो ‘अखेर सापडला’ म्हणून पुढे पाठवला होता? तुम्ही पत्रात ते लिहिलेलं नाही, पण असं घडलं नसेल तर मला नवल वाटेल. आधीच्या उतावळेपणाची ती उशिरा केलेली भरपाई असते आणि ती बहुधा मोठ्याने केली जाते. भावाला त्या शब्दांनी दिलासा मिळतोय की नाही, कोण जाणे. कदाचित तो प्रत्येक संदेश वाचून मनात म्हणत असेल, तेव्हा कुठे होतात?

तरी तुमचा मूळ राग खरा आहे, आणि त्यातला एक शब्दही मला कमी करायचा नाही. समाजाची हळहळ आंधळी नसते. ती चेहरे निवडते. आपल्यासारखं बोलणारा, आपल्यासारख्या घरातला, ज्याच्या जागी आपल्या मुलाला कल्पता येतं, असा माणूस अडकला की पोटात गोळा येतो. शिवाय जितक्या उंचावरून पडावं तितकी गोष्ट सांगायला सोपी. जो आधीच जमिनीवर होता त्याच्या पडण्याचा आवाजच होत नाही. भारतातल्या तुरुंगांची २०२२ ची सरकारी आकडेवारी पाहा. पाच लाख त्र्याहत्तर हजारांहून अधिक बंदी, त्यातले चार लाख चौतीस हजारांहून अधिक कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच व्हायचा होता. त्यातले खरे किती, खोटे किती हे कुणालाच माहीत नाही, कारण विचारायला कुणी गेलेलं नाही.

किंवा हे घ्या. महाराष्ट्रात २००३ साली झालेल्या एका भीषण दरोडा-खुनाच्या प्रकरणात भटक्या समाजातल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदार बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं. त्यांचा तपासच झाला नाही. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. मधल्या काळात उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सोळा वर्षं गेली होती. या सहांपैकी एकाचंही नाव तुमच्या आत्यांना माहीत नसेल. मलाही निकाल वाचेपर्यंत माहीत नव्हतं. तुमच्या मनात समारंभाच्या दिवशी असे कुणीतरी सहा जण उभे असणार. मला ते कळतं.

पण तुम्ही तो राग कुणावर काढलात? हळहळीची वाटणी चुकीची करतो तो समाज, आणि उत्तर मात्र त्या माणसाला मिळालं ज्याने ती मागितलीही नव्हती. वाक्य आत्यांचं होतं, उठून गेला तो भाऊ. हा तिढा मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

एक जुनं प्रकरण थोडं सविस्तर सांगते, कारण त्यात तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकत्र सापडतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम शहरात ड्यूक विद्यापीठ आहे, नामवंत आणि महागडं. २००६ च्या मार्चमध्ये तिथल्या लॅक्रॉस या खेळाच्या संघातल्या तिघांवर बलात्काराचा आरोप झाला. गोरी, सधन घरची मुलं. तक्रार करणारी कृष्णवर्णीय, गरीब. सगळा इतिहास पाहता लोकांनी कुणावर विश्वास ठेवावा हे जणू आधीच ठरलेलं होतं. संघातल्या मुलांच्या फोटोंची पत्रकं लागली, निदर्शनं झाली, संघाचा हंगाम रद्द झाला, प्रशिक्षकांना पद सोडावं लागलं. तिथे सरकारी वकील निवडून येतो, आणि हा सरकारी वकील तेव्हा निवडणुकीला उभा होता. त्याच्या संमतीने प्रयोगशाळेने डीएनए अहवालातून आरोपींच्या बाजूचे निष्कर्ष गाळले. शेवटी ११ एप्रिल २००७ ला राज्याच्या महाधिवक्त्यांनी आरोप मागे घेतले आणि ही मुलं निर्दोष आहेत असं स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्या सरकारी वकिलाची सनद गेली. खूप नंतर, २०२४ मध्ये, तक्रार करणाऱ्या स्त्रीनेही आपण खोटं बोललो हे मान्य केलं.

मग हळहळीची लाट आली, अगदी तुमच्या भावाच्या वाट्याला आली तशीच. आणि तुमचाच प्रश्न तिथल्या कितीतरी लोकांनी विचारला. प्रत्येकी चार लाख डॉलरचा जामीन भरून ही मुलं बाहेर राहिली, वर्षभरात सुटली. त्याच राज्यात डॅरिल हंट नावाचा कृष्णवर्णीय माणूस १९८४ च्या एका खुनासाठी एकोणीस वर्षं तुरुंगात होता. १९९४ मध्येच त्याचा डीएनए जुळत नाही हे कळलं होतं. तरी बाहेर यायला २००३ चा डिसेंबर उजाडला, तोही खऱ्या गुन्हेगाराचा डीएनए सापडला तेव्हा. त्याच्यासाठी किती जण रडले?

आता या गोष्टीतला जो भाग सहसा सांगितला जात नाही तो सांगते. ड्यूकची मुलं सुटली ती त्यांच्या एका वकिलाने सुमारे अठराशे पानांची डीएनएची कागदपत्रं रात्रंदिवस वाचून काढली, गाळलेले निष्कर्ष शोधले आणि डिसेंबर २००६ मध्ये भर न्यायालयात प्रयोगशाळेच्या प्रमुखाला ते कबूल करायला लावलं म्हणून. पण ती पानं त्याच्या हातात आली कशी? त्या राज्यात २००४ मध्ये एक कायदा झाला होता. गंभीर गुन्ह्यांत सरकारी पक्षाने आपली सगळी फाइल आरोपीच्या वकिलाला उघडी करून दाखवली पाहिजे, असा. आणि तो कायदा व्हायला मोठं कारण ठरला एक भुरट्या चोऱ्या करणारा, कुणी ज्याला विचारत नव्हतं असा तरुण. त्याला १९९८ मध्ये खुनासाठी देहदंडाची शिक्षा झाली होती. खून झालेला माणूस सरकारी पक्षाने सांगितलेल्या तारखेनंतरही जिवंत दिसला होता, असं सांगणाऱ्या साक्षीदारांचे जबाब सरकारी वकिलांनी दडवले होते. आणि त्या नंतरच्या दिवसांत हा तरुण दुसऱ्याच गुन्ह्यासाठी कोठडीत होता. नवा खटला होऊन २००४ मध्ये तो सुटला, त्यावरून राज्यभर संताप झाला आणि कायदा बदलला.

म्हणजे ज्याच्यासाठी रडायला फारसं कुणी नव्हतं अशा एका गरिबावरच्या अन्यायाने श्रीमंतांच्या मुलांना वाचवलं. आणि त्या मुलांपैकी एकाने आरोप मागे घेतले त्याच दिवशी पत्रकारांसमोर जे म्हटलं त्याचा आशय असा होता: कसलाही पुरावा नसताना आमचं हे होऊ शकतं, तर ज्यांच्याकडे लढायला साधनंच नाहीत त्यांचं काय होत असेल, याची मी कल्पनाही करू शकत नाही. पुढे तो कायदा शिकला आणि निरपराध कैद्यांसाठी चालणाऱ्या कामाला हातभार लावू लागला.

ही गोष्ट मी तुमच्या भावाने काय करावं म्हणून सांगत नाही. तो मोह तुम्हाला होईल हे मला माहीत आहे. ‘तुला आता कळलं ना? मग ये आमच्या कामाला’ असं म्हणावंसं वाटेल. कृपा करून म्हणू नका. निदान आता नाही. खोट्या आरोपातून बाहेर आलेल्या माणसाने आपल्या दुःखाचं सार्वजनिक कामात रूपांतर केलं तरच आपण त्याला जवळ करू, ही अट क्रूर आहे. तुमच्या संस्थेतून सुटलेल्या माणसाला तुम्ही ही अट घालता का? तो घरी जातो, शेतावर किंवा कामावर जातो, विसरायचा प्रयत्न करतो आणि तुम्ही त्याला आनंदाने निरोप देता. भावालाही तेवढी मोकळीक द्या.

विशेषाधिकार ही एकजिनसी गोष्ट नसते, हेही मनात असू द्या. फ्रान्सच्या लष्करातला कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस गिरणीमालकाच्या घरातला, सुखवस्तू माणूस. १८९४ मध्ये त्याच्यावर हेरगिरीचा खोटा ठपका आला. तो ज्यू होता, एवढं त्याची सगळी श्रीमंती पुसून टाकायला पुरलं. कैद्यांना पाठवायच्या डेव्हिल्स बेटावर त्याने चार वर्षं एकांतात काढली. १८९८ च्या जानेवारीत लेखक एमिल झोला याने राष्ट्राध्यक्षांना उद्देशून वर्तमानपत्रात अनावृत पत्र लिहिलं, त्यासाठी स्वतःवर खटला ओढवून घेतला आणि त्याला देश सोडावा लागला. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरला. त्या काळीही अनेक गरिबांचे कैवारी म्हणत होते, श्रीमंत अधिकाऱ्यांच्या भांडणात आपण कशाला पडायचं? मला तो विचार समजतो, पण चूक वाटतो. कारण त्याच धामधुमीत, १८९८ मध्येच, फ्रान्समध्ये मानवी हक्कांसाठी एक संघटना उभी राहिली आणि ती पुढे कितीतरी वेगळ्या माणसांच्या बाजूने लढली. एका माणसावर पडलेला उजेड कधी कधी बाजूच्या अंधाऱ्या खोलीतही जातो. नेहमी जात नाही. इस्रोच्या खोट्या हेरगिरी प्रकरणात शास्त्रज्ञ नंबी नारायणन पन्नास दिवस कोठडीत होते. त्यांना देशाची हळहळ मिळाली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नास लाखांची भरपाई दिली, २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाला, आणि हे सगळं योग्यच झालं. त्याच प्रकरणात मालदीवच्या दोन स्त्रिया तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होत्या. त्या कुणाच्या लक्षात आहेत? उजेड आपोआप सरकत नाही. कुणीतरी दिवा हातात घेऊन तिकडे न्यावा लागतो, आणि ते काम तुमचं आणि माझं आहे. ज्याच्यावर तो पडला त्या जखमी माणसाचं नाही.

दोन गोष्टी तुमच्या पत्रात कुठेच आल्या नाहीत, त्यांची आठवण करून देते. एक, या प्रकरणात कुणाचा तरी खून झाला आहे. त्या घरात चौदा महिने ‘आरोपी सापडला’ एवढाच आधार होता आणि आता तोही गेला. खरा मारेकरी मोकळा आहे. सगळ्या हळहळीत त्या घराचं नाव कुणी घेतलेलं दिसत नाही. दुसरी, तो साक्षीदार. ‘हाच तो’ म्हणणारा माणूस खोटारडाच असतो असं नाही. डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्या लोकांच्या अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या तर चुकीची ओळख हे वारंवार आढळणारं मोठं कारण आहे, आणि त्यातले बरेच साक्षीदार मनापासून चुकलेले असतात. भीतीत, अंधारात, घाईत पाहिलेला चेहरा. पुढे दाखवलेला एक फोटो. त्यातून तयार झालेली खात्री. म्हणून कुणी या प्रकरणाचा दाखला देऊन ‘बघा, लोक कसे खोटे आरोप करतात’ म्हणू लागलं तर तिथे तुम्ही जरूर बोला. विशेषतः स्त्रियांच्या तक्रारींबाबत असे दाखले फार सैलपणे वापरले जातात. एक आरोप खोटा निघाला म्हणून दुसऱ्या कुणाचं गाऱ्हाणं खोटं ठरत नाही. ते तपासूनच ठरतं.

आता करायचं काय?

भावाला आधी लिहा. फोन नको, फोनवर त्याला लगेच उत्तर द्यावं लागेल आणि ते चौदा महिने तो फक्त उत्तरंच देत होता. पत्रात माफी मागा, पण नेमक्या गोष्टीची. तुमचा प्रश्न चूक नव्हता, त्याची माफी मागायची गरज नाही आणि मागितलीत तर ती खोटी वाटेल. वेळ आणि जागा चूक होती. ‘मी आत्याशी वाद घालायला तुझं दुःख वापरलं, ते मी करायला नको होतं’ असं काहीसं. तुमच्या शब्दांत लिहा, पण एवढं नक्की लिहा. त्यापुढे ‘पण’ जोडू नका. ‘निदान तुला वकील तरी मिळाले’, ‘शेवटी सुटलास ना’, ‘देवाच्या घरी न्याय आहे’, यातलं काहीही नको. तुमच्या कामातल्या माणसांचा उल्लेखही पहिल्या पत्रात नको.

पावत्यांबद्दल बोलू नका. तुम्हाला दिसल्या, एवढं तुमच्याजवळ राहू द्या. तो आपणहून बोलला तर ऐका. आणि झोप उडणं, घराबाहेर पडायची भीती, गणवेशातला माणूस दिसला की घाम फुटणं असं काही वाढत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं सुचवा, सोबत जायची तयारी दाखवा. सुटकेनंतर सगळं मिटलं असं घरच्यांना वाटत असतं, म्हणून ही मदत मागायला अशा माणसांना फार संकोच वाटतो.

वाईट वाटत नसताना वाटल्यासारखं दाखवायचं का, असं तुम्ही मनात विचारत असाल. दाखवू नका. पण वागणं आणि वाटणं यांत वागणं आधी येऊ शकतं. तुरुंगातल्या प्रत्येक माणसाबद्दल तुम्हाला पहिल्या दिवसापासून माया वाटली होती का? काही जण उद्धट असतील, काही तुमच्याशी खोटंही बोलले असतील. तरी तुम्ही त्यांची तारीख चुकवली नाहीत. भावासाठी तेवढंच करा. तारीख चुकवू नका. आठवड्याला एक संदेश, उत्तराची अपेक्षा न ठेवता. माया मागून आली तर येईल.

सहकाऱ्याशीही एकदा बोला. तुमच्या संस्थेत ‘आपला’ आणि ‘परका’ असा निवाडा आरोपीची ऐपत पाहून होऊ लागला असेल, तर ज्या गोष्टीविरुद्ध तुम्ही काम करता तीच उलट्या बाजूने आत शिरते आहे. त्याला हे रागाने सांगायची गरज नाही. ‘मलाही तसंच वाटत होतं’ इथून सुरुवात करा.

आणि तुमच्यासारख्या परिस्थितीत नसलेल्या, पण हे वाचणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. एखाद्याच्या अटकेची बातमी तुम्ही पुढे पाठवली असेल आणि तो निर्दोष निघाला, तर ती सुटकेची बातमी त्याच माणसांना, त्याच गटांत पाठवा. आरोप पहिल्या पानावर असतो आणि सुटका आतल्या कोपऱ्यात, तेवढी तफावत आपल्यापुरती तरी आपण भरून काढू शकतो. मी ती भरली नाही, हे मी वर लिहिलंच आहे. आणि अटक झाली म्हणजे फक्त अटक झाली. आरोपपत्र, पुरावा, निकाल हे सगळं अजून व्हायचं असतं. श्रीमंत असो की फाटका, आपलं मत तेवढे दिवस थांबू शकतं.

राहिल्या आत्या. ‘आपल्यासारख्या’ हा शब्द तुम्हाला झोंबला, आणि झोंबावा असाच तो आहे. पण तो दुष्टपणातून आला असं मला वाटत नाही. ज्या बाईने आयुष्यभर पोलीस ठाणं बाहेरूनही पाहिलं नसेल, तिला ही वेळ कुणावर येते हे कधी कळायचं कारणच पडलं नाही. तिच्या ‘आपल्यासारख्या’ची हद्द तिच्या अनुभवाएवढीच आहे. ती हद्द तुमच्या एका टोमण्याने वाढली नाही, उलट तिने दार लावून घेतलं असणार. तरी तुमच्याच पत्रात लिहिलं आहे की पाच आठवडे त्या दर भेटीच्या दिवशी तुरुंगाच्या दारात रांगेत उभ्या होत्या. त्या रांगेत आणखीही आया असतील. कुणी रात्रभर प्रवास करून आलेली, कुणी दिवसाची मजुरी बुडवून, कुणी हातातला डबा आत नेऊ देणार नाहीत हे माहीत नसलेली. आत्यांनी त्यांना पाहिलं आहे. कदाचित एखादीने त्यांना कुठला अर्ज भरायचा, कुठल्या खिडकीपाशी जायचं हे सांगितलंही असेल, कारण नवख्या बाईला तिथे दुसरं कोण सांगणार?

भाऊ बोलू लागला की एखाद्या दुपारी आत्यांकडे जा. त्या दिवसांबद्दल त्यांना आजवर कुणी काही विचारलं नसेल. सगळ्यांनी मुलाचंच विचारलं असेल. रांगेत त्यांच्या पुढे-मागे कोण उभं असायचं, ते विचारा. आणि त्या सांगतील तेव्हा मध्ये काहीही न बोलता ऐका.